नवी आवृत्ति आणि जुनें यंत्र

वाळूजच्या औद्योगिक वसाहतीस लागून असलेलें बजाजनगर हें कामगारांचें गांव आहे. १९८५ सालीं बजाज ऑटोचा कारखाना वाळूज येथें सुरू झाला, त्याच्या मागोमाग सुटे भाग करणारे लहानमोठे कारखाने उभे राहिले, आणि खेड्यापाड्यांतून आलेलीं कुटुंबें येथें स्थिरावलीं. अशा ठिकाणीं कागदापेक्षां फाईल अधिक फिरते. कोणाचा तरी मुलगा गुणपत्रिकेचें छायाचित्र मोबाइलमध्यें घेऊन झेरॉक्सच्या दुकानीं येतो. तें दुकानदाराच्या संगणकांत जावें लागतें. एखाद्या वर्कशॉपला मोठ्या कंपनीकडून भागाचें ड्रॉइंग येतें. तें ऑफिसांतल्या संगणकावरून मशीनशेजारच्या संगणकांत उतरावें लागतें. देणाऱ्याचें यंत्र एका जातीचें, घेणाऱ्याचें दुसऱ्या. अशा भिन्न जातींच्या यंत्रांमध्यें फाईल बिनचूक नेणाऱ्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ति काढणें म्हणजे काय, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

या विद्येच्या आरंभींच एका भारतीयाचें नांव येतें. कानपूरच्या आय. आय. टी. च्या पहिल्या तुकडींतून १९६५ सालीं पदवीधर झालेले अभय भूषण यांनीं अमेरिकेंत एम. आय. टी. येथें असतां एप्रिल १९७१ मध्यें फाईल ट्रान्सफर प्रोटोकॉलचा, म्हणजेच एफटीपीचा, पहिला मसुदा लिहिला. त्या काळीं एका यंत्राची अक्षरें सांठविण्याची रीत दुसऱ्यास कळत नसे. त्यामुळें मजकूर म्हणून पाठवावयाची फाईल निराळी आणि जशीच्या तशी पोंचवावयाची निराळी, हा भेद त्यांना करावा लागला. मसुद्यांत पुढें अनेक सुधारणा झाल्या आणि ऑक्टोबर १९८५ मध्यें त्यास आजही आधारभूत मानलें जाणारें रूप मिळालें. वाळूजचा कारखाना आणि हें रूप एकाच वर्षाचें, हा केवळ योगायोग. एफटीपीचा मोठा दोष असा कीं, त्यांत परवलीचा शब्दसुद्धां उघडाच तारेवरून जातो. क्रोम व फायरफॉक्स या ब्राउझरांनीं २०२१ सालीं त्यास रजा दिली ती अशा कारणांनीं, आणि योग्यच केलें.

यंत्रायंत्रांमधील भेद पन्नास वर्षांत मिटले असतील, असें कोणास वाटेल. ते मिटलेले नाहींत. फक्त सूक्ष्म झाले आहेत. फाईलच्या नांवांत प्रश्नचिन्ह किंवा अपूर्णविराम लिनक्सला चालतो, विंडोजला चालत नाहीं. पेन ड्राइव्हवर पुष्कळदां आढळणाऱ्या फॅट-३२ रचनेंत चार गिगाबाइटची फाईल मावतच नाहीं.

परंतु मराठी माणसास खरी अडचण पडते ती आपल्या लिपीची. देवनागरींतील प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ या पद्धतींत तीन बाइट जागा घेतें. लिनक्सवरील नेहमींच्या फाईलव्यवस्थेंत नांवास २५५ बाइटांची मर्यादा आहे. म्हणजे मात्रा, वेलांट्या व हलन्त धरून अवघीं ८५ चिन्हें. विंडोजचें मोजमाप निराळें असल्यानें तेथें याहून लांब मराठी नांव बसतें. मग ‘परिपत्रक’ या शब्दानें सुरू होऊन तीन ओळींनंतर संपणाऱ्या नांवाची फाईल एकीकडे तयार होते आणि दुसरीकडे नाकारली जाते. आपल्या कचेऱ्यांना लांब नांवांचा लोभ असल्यामुळें हा प्रसंग काल्पनिक नव्हे.

याहून मौजेची गोष्ट ‘ऱ्य’ या जोडाक्षराची. ‘कर्मचाऱ्यांची यादी’ या नांवाची फाईल कोणत्या कारखान्यांत नसेल? त्यांतील ‘ऱ’ हें अक्षर यूनिकोडांत दोन तऱ्हांनीं लिहितां येतें. एकच सबंध चिन्ह म्हणून, अथवा ‘र’ आणि त्याखालीं नुक्ता अशीं दोन चिन्हें म्हणून. डोळ्यांना दोन्ही सारखींच दिसतात. मॅक संगणकाची २०१७ पूर्वीची फाईलव्यवस्था नांव सांठवितांना पहिल्या तऱ्हेचें दुसऱ्या तऱ्हेंत फोडीत असे. तें नांव लिनक्सच्या संगणकावर गेलें कीं, तो त्यास नवीनच फाईल समजे. एका यादीच्या दोन याद्या होत, आणि पगार लावणाऱ्या कारकुनानें जुनी यादी उघडली तर नव्या कामगाराचें नांवच गळे. इंग्रजी नांवांवरच चाचणी घेणाऱ्यास हा दोष दिसणारच नाहीं. आवृत्ति बाहेर काढण्यापूर्वी ज्यांच्या लिप्या निराळ्या, त्यांच्या फाईली मागवून तपासणें हें म्हणूनच सौजन्याचें नव्हे, तर कर्तव्याचें काम आहे.

आतां मुख्य प्रश्न. शाळेंत पाठ्यपुस्तकाची नवी आवृत्ति आली आणि अर्ध्या वर्गापाशीं जुनीच राहिली, तर ‘पान बेचाळीस काढा’ म्हणतांच गोंधळ होतो. फाईल नेणाऱ्या सॉफ्टवेअरचें असेंच आहे, कारण त्यास नेहमीं दोन टोकें असतात आणि दोन्ही एकाच दिवशीं बदलत नाहींत. यावर आर्‌सिंक या प्रसिद्ध सॉफ्टवेअरची युक्ति पाहण्यासारखी आहे. तें ऑस्ट्रेलियांतील अँड्र्यू ट्रिजेल व पॉल मॅकेरस यांनीं १९९६ सालीं प्रसिद्ध केलें. शंभर पानांच्या वहींत एकच पान बदललें असेल, तर सबंध वही न पाठवितां बदललेला तुकडाच पाठवावयाचा, ही त्याची कीर्ति. भेट होतांच दोन्ही यंत्रें आपापल्या बोलीचा क्रमांक एकमेकांस सांगतात, आणि ज्याचा लहान त्याच्या बोलींत व्यवहार होतो. थोरल्यानें धाकट्याशीं बोबडें बोलावें, तसेंच हें.

पण या समजूतदारपणासही सीमा आहे. जानेवारी २०२५ मध्यें आर्‌सिंकमधील सहा दोष जाहीर झाले. त्यांतील बहुतेक गूगलच्या संशोधकांनीं शोधले होते. दोष असा कीं, सर्व्हरवरून नुसती फाईल वाचण्याची मुभा असलेला परका मनुष्य कांहीं परिस्थितींत त्या सर्व्हरवर आपली आज्ञा चालवूं शकला असता. दोष काढून ३.४.० ही आवृत्ति निघाली. तिच्यांत बोलीचा क्रमांक ३२ केला होता. हेतु हा कीं, व्यवस्थापकास आपला सर्व्हर सुधारला आहे कीं नाहीं हें बाहेरूनच ओळखतां यावें. घाईच्या दुरुस्तींत कांहीं नव्या चुका शिरल्या, आणि लगोलग ३.४.१ काढावी लागली. यास कोणी फजिती म्हणेल. परंतु चूक कोठें झाली हें नांवानिशीं लिहून लगेच दुरुस्ती देणारा कारागीर हा गप्प बसणाऱ्यापेक्षां शतपटीनें बरा.

आतां बजाजनगरच्या वर्कशॉपकडे वळूं. मशीनशेजारच्या जुन्या संगणकावर बहुधा अशी विंडोज असते, जिचा आधार कंपनीनें कधींच काढून घेतला आहे. विंडोज ७ चा आधार जानेवारी २०२० मध्यें संपला, विंडोज १० चा नेहमींचा आधार ऑक्टोबर २०२५ मध्यें. मालक तो संगणक बदलीत नाहीं, कारण मशीनचें सॉफ्टवेअर त्यावरच चालतें आणि मशीन बदलणें म्हणजे कर्ज. नवी आवृत्ति जुन्या विंडोजला सोडून देते तेव्हां कर्त्याची बाजू खरी असते. पण मालकाची अडचणही खोटी नसते. अशा वेळीं जुन्या संगणकाची बाहेरच्या जाळ्याशीं असलेली वाट तोडावी, आणि ड्रॉइंग मधल्या एका सुधारलेल्या संगणकावर उतरवून, तपासून, मग पुढें न्यावें. खर्च थोडा, कटकट रोजची. तरी सध्यां हाच मार्ग शहाणपणाचा दिसतो.

झेरॉक्सच्या दुकानाची तऱ्हा निराळी. २९ जून २०२० रोजीं भारत सरकारनें ५९ ॲपवर बंदी घातली, त्यांत घरोघर वापरले जाणारे शेअरइट व झेंडर हे दोन्ही होते. एका रात्रींत फाईल देण्याघेण्याची संवय मोडली. कांहींनीं कोठून तरी आणलेल्या जुन्या प्रती वापरणें चालू ठेवलें, तें घातक होतें. बंद पडलेल्या आवृत्तीस दुरुस्ती कोण पाठविणार? आतां लोकलसेंडसारखीं मुक्त सॉफ्टवेअरें आहेत. विंडोज, मॅक, लिनक्स, अँड्रॉइड व आयफोन या सर्वांवर तीं चालतात, आणि एकाच वाय-फायवर असलेल्या यंत्रांत इंटरनेटवांचून फाईल देतात. मात्र दुकानदारानें नवी आवृत्ति मूळ ठिकाणाहूनच घ्यावी, आणि ती दहावीच्या निकालाच्या आठवड्यांत, दारांत रांग उभी असतां, बसवूं नये.