मापाची साक्ष : राष्ट्रीय मानक-संस्थांचे कार्य
(प्राथमिक शिक्षकांच्या शिबिरातील व्याख्यान)



गावच्या बाजारात शेतकरी धान्याचे पोते काट्यावर ठेवतो, तेव्हा त्याची नजर काट्याकडे लागलेली असते. वर्षभराच्या श्रमाचा निवाडा त्या क्षणी होत असतो. काटा खरा असेल तर श्रमाचे चीज होते, खोटा असेल तर त्याचे उत्पन्न कोणी हात न लावता चोरून नेतो. ‘दांडी मारणे’ हा शब्दप्रयोग मराठीत रूढ झाला, यावरूनच ही चोरी किती जुनी आहे हे ध्यानात येते. परंतु काटा खरा की खोटा हे ठरवावयाचे कसे? एका वजनाची परीक्षा दुसऱ्या वजनाने करावी, तर ते दुसरे वजन तरी खरे कशावरून? ही साखळी कोठे तरी एका सर्वमान्य मापापाशी थांबली पाहिजे. ते माप जतन करणे आणि त्याच्या आधारे देशातील व्यवहार, उद्योग व विज्ञान यांस एक भाषा देणे, हे राष्ट्रीय मानक-संस्थांचे कार्य होय.

जुन्या काळी महाराष्ट्रात धान्य पायली, अधोली, शेर, मापटे, चिपटे अशा मापांनी मोजीत. चार शेरांची पायली हे कोष्टक पाठ असे, पण एका गावची पायली दुसऱ्या गावच्या पायलीशी जुळेलच असे नव्हते. कोठे माप शीग लावून भरीत, तर कोठे सपाट. घेतानाचे माप एक आणि देतानाचे दुसरे, असेही प्रकार घडत. सरकारी शेर ऐंशी तोळ्यांचा, म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅम, आणि चाळीस शेरांचा मण सुमारे ३७.३२ किलोग्रॅम असे. तथापि गावोगावचे प्रचारातील शेर व मण निराळेच असत. ज्याला कोष्टके येत नसत, तो नाडला जाई. मापांची अनेकता हे नेहमी दुर्बळाचेच नुकसान करणारे असते.

हाच गोंधळ उद्योगात शिरला म्हणजे काय होते, याचे एक उदाहरण बोधप्रद आहे. फेब्रुवारी १९०४ मध्ये अमेरिकेतील बाल्टिमोर शहरास मोठी आग लागली. वॉशिंग्टन, फिलाडेल्फिया आदी शहरांतून आगीचे बंब मदतीस धावून आले. माणसे होती, पाणी होते, नळ्याही होत्या, पण बाहेरगावच्या पुष्कळ नळ्यांचे आटे बाल्टिमोरच्या पाणी-नळांना बसेनात. प्रत्येक शहराने आपल्या सोयीचे माप धरले होते. दीड हजारांवर इमारती भस्मसात झाल्या. त्या देशाची राष्ट्रीय मानक-संस्था त्यापूर्वी तीनच वर्षे, १९०१ मध्ये, स्थापन झाली होती. तिने पुढे शोध घेतला, तेव्हा देशभर अशा जोडांचे सहाशेहून अधिक प्रकार आढळले. त्यानंतर एक सर्वसामान्य माप ठरविण्यात आले.

मानकाचे कार्य तीन पायऱ्यांनी होते. पहिली पायरी मूळ मापाची: मीटर, किलोग्रॅम, सेकंद ही एकके देशात अचूक सिद्ध करून ठेवणे. दुसरी पायरी लेखी मानकाची: सिमेंट किती भार सोसणारे असावे, विजेच्या तारेवरील आवरण कसे असावे, हे उत्पादक, ग्राहक व शास्त्रज्ञ यांनी एकत्र बसून ठरविणे. तिसरी पायरी पडताळणीची: बाजारातील वजन वा वस्तू त्या मानकाला उतरते की नाही, हे तपासून तिच्यावर मुद्रा उमटविणे. यांपैकी एक पायरी जरी ढासळली, तरी उरलेल्या दोहोंचा उपयोग राहत नाही.

भारतात या तिन्ही पायऱ्या स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर बांधल्या गेल्या. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेचा पाया जानेवारी १९४७ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते घातला गेला आणि २१ जानेवारी १९५० रोजी सरदार पटेलांनी तिचे उद्घाटन केले. डॉ. के. एस. कृष्णन हे तिचे पहिले संचालक. याच प्रयोगशाळेत प्लॅटिनम व इरिडियम यांच्या मिश्रधातूचा, ५७ क्रमांकाचा, भारताचा किलोग्रॅम जतन केलेला आहे. भारताची प्रमाणवेळही तेथील आण्विक घड्याळांवरून चालते.

१९४७ मध्येच भारतीय मानक संस्थेचे कार्य सुरू झाले. तिच्या मानकांत पहिला क्रमांक कशाला मिळाला, हे मुलांना अवश्य सांगावे. तो मान राष्ट्रध्वजाला मिळाला. ध्वजाची खादी, रंगांच्या छटा, लांबी-रुंदीचे तिनास दोन हे प्रमाण, या सर्वांचे मानक १९५१ मध्ये निघाले. १९५२ च्या कायद्याने मालावर प्रमाणचिन्ह देण्याचा अधिकार संस्थेस मिळाला आणि ‘आय. एस. आय.’ ही खूण घरोघरी पोहोचली. १ एप्रिल १९८७ पासून या संस्थेची जागा भारतीय मानक ब्यूरोने घेतली, पण खूण तीच राहिली.

वजनमापांचा कायदा १९५६ मध्ये झाला. १ एप्रिल १९५७ रोजी आणे-पै जाऊन रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. ऑक्टोबर १९५८ पासून मेट्रिक वजने टप्प्याटप्प्याने प्रचारात आली. या स्थित्यंतरात प्राथमिक शिक्षकाचा वाटा मोठा होता. पावकी, निमकी, सव्वाकी, औटकी यांत मुरलेल्या पिढीसमोर त्याने दशमान पद्धती फळ्यावर मांडली. शाळेत शिकलेले मूल घरी गेले आणि आजोबांना शेराचे किलोग्रॅम करून सांगू लागले. कायदा दिल्लीत झाला खरा, पण तो गावात रुजला तो शाळेच्या वाटेने.

विज्ञानाला मानकांचा उपयोग काय, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. तिचे उत्तर जर्मनीच्या इतिहासात सापडते. १८८७ मध्ये बर्लिन येथे राष्ट्रीय मापन-संस्था निघाली, हेल्महोल्ट्झ तिचे पहिले अध्यक्ष. दिव्यांच्या प्रकाशाचे मानक ठरविण्यासाठी तेथील संशोधकांनी तापलेल्या पदार्थांतून निघणारे प्रारण अत्यंत काटेकोरपणे मोजले. ते आकडे प्रचलित सूत्रांशी जुळेनात. मोजमाप ढोबळ असते, तर हा फरक कोणाच्या लक्षातही आला नसता. त्या आकड्यांचा उलगडा करताना १९०० साली माक्स प्लांक यांना पुंजाची कल्पना सुचली आणि नव्या भौतिकशास्त्राचा उदय झाला. त्यांच्या नावाचा स्थिरांकच पुढे मापनाच्या कामी आला. पॅरिसजवळ जपलेला धातूचा ठोकळा हा जगाचा किलोग्रॅम होता. २० मे २०१९ पासून किलोग्रॅमची व्याख्या ठोकळ्यावरून न करता प्लांक-स्थिरांकावरून केली जाते. मापनातून विज्ञान उपजले आणि विज्ञानाने मापनाचे ऋण फेडले.

आता दृष्टी पुन्हा गावच्या शाळेकडे वळवावी. पोषण-आहाराचा तांदूळ शिक्षकाच्या देखरेखीखाली मोजला जातो. पहिली ते पाचवीच्या मुलास दररोज शंभर ग्रॅम धान्य, असे त्याचे प्रमाण आहे. ऐंशी मुले असतील तर आठ किलो तांदूळ लागतो. काटा शेकडा पाच जास्त दाखवीत असेल, तर रोज सुमारे ३८० ग्रॅम तांदूळ कमी पडतो, म्हणजे जवळजवळ चार मुलांचा घास. नोंदवहीत मात्र सर्व काही बरोबर दिसते. अंगणवाडीतील वजनकाटा चुकीचा असेल, तर कृश बालक कागदावर धडधाकट ठरते आणि त्याला मिळावयाची मदत मिळत नाही. मानकाचा प्रश्न असा अखेर ताटापाशी येऊन पोहोचतो.

म्हणून काही गोष्टी शाळेत सहज करता येतील. पडताळणीची मुद्रा असलेले एक किलोचे वजन आणून शाळेचा काटा मुलांदेखत तपासावा. दुकानातील वजनावरील मुद्रा व तिचे साल मुलांनी पाहून यावे. एकच फळा प्रथम वितीने व नंतर मीटरपट्टीने प्रत्येकाने मोजावा आणि उत्तरे शेजारी शेजारी लिहावी. वितीची उत्तरे भिन्न येतील, पट्टीची जवळजवळ सारखी येतील. मानक म्हणजे काय, हे त्यानंतर निराळे सांगण्याची गरज उरणार नाही.

मोजण्यातील सचोटी हा गणिताचा धडा आहे, तसाच नीतीचाही आहे. दिल्लीच्या प्रयोगशाळेत जपलेल्या मापाची साखळी गावच्या तराजूपर्यंत येते, आणि तिची शेवटची कडी ज्याला ते माप पारखता येते अशा नागरिकाच्या हाती असते. तो नागरिक आज शाळेच्या पाटावर बसलेला आहे. त्याला खरे माप ओळखावयास शिकविले, तर उद्या बाजारात त्याला कोणी फसविणार नाही आणि तोही कोणाला फसविणार नाही.