जामिनाची सही आणि आपली पत

पूर्वी माणसाची पत गाव जाणत असे. आज ती नोंदींवरून जोखली जाते. पत माहिती कंपन्या (नियमन) अधिनियम, २००५ अन्वये बँका आपल्या कर्जदारांची माहिती चार मान्यताप्राप्त कंपन्यांना पुरवितात आणि तीवरून ३०० ते ९०० पर्यंतचा पतगुणांक ठरतो.

सहकाऱ्याच्या भिडेखातर जामीन राहणाऱ्या शिक्षकाला सहसा ठाऊक नसते की, ते कर्ज त्याच्याही अहवालात नोंदले जाते. ऋणकोने हप्ते थकविले की जामीनदाराचीही पत खालावते आणि स्वतःच्या घरासाठी कर्ज मागताना त्याला अडचण येते.

म्हणून सही करण्यापूर्वी ऋणकोची ऐपत पाहावी व पुढेही हप्त्यांची चौकशी करीत राहावे. प्रत्येक कंपनीकडून वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल विनामूल्य मिळतो. तो स्वतः मागविल्याने गुणांक घटत नाही. नोंद चुकीची आढळल्यास तक्रार नोंदवावी. ३० दिवसांत निवारण न झाल्यास दररोज १०० रुपये भरपाईची तरतूद रिझर्व्ह बँकेने केली आहे. थकबाकी खरी असल्यास मात्र ती फेडणे आणि पुढील हप्ते नियमितपणे भरणे, हाच पत सावरण्याचा मार्ग होय.