सनद आणि विद्या

(डिंगोरे, ता. जुन्नर येथे कार्यकर्त्यांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



कायद्याची पदवी मिळाली, सनद हाती आली, की वकील तयार झाला असे मानण्याचा आपल्याकडे प्रघात आहे. तो किती पोकळ आहे हे पाहण्यास फार दूर जावयास नको. डिंगोऱ्याहून पश्चिमेस डोंगराकडे वळले, की महादेव कोळ्यांच्या वस्त्या लागतात. कसलेल्या वनजमिनीवरील त्यांचा हक्क 2006 च्या वनहक्क कायद्याने मान्य केला. परंतु ताबा 13 डिसेंबर 2005 पूर्वीचा असल्याचे दाखविण्याची अट घातली.

हा ताबा केवळ सरकारी कागदानेच शाबीत करावा लागतो असे नाही. 2008 च्या नियमांनुसार घर, बांध, जमिनीचे सपाटीकरण या प्रत्यक्ष खुणा आणि वडीलधाऱ्यांचे लेखी जबाबही पुरावा ठरतात. म्हणजे पुरावा शिवारात उभा आहे. तो कागदावर उतरविणारा माणूस नाही. उपविभागीय समितीच्या निर्णयाविरुद्ध जिल्हा समितीकडे दाद मागण्यास मुदत अवघी 60 दिवसांची. ती टळली, की बाप-आज्यांनी घातलेले बांध निरुपयोगी ठरतात.

येथे वकिलास काय यावे लागते? पक्षकाराचे म्हणणे त्याच्या बोलीत, न तोडता ऐकता आले पाहिजे. सातबारा व फेरफार वाचता आले पाहिजेत. अर्ज स्वच्छ मराठीत लिहिता आला पाहिजे. मुदत मोजता आली पाहिजे. आणि दाव्यात दम नसेल, तर फीचा मोह सोडून तसे सांगण्याचे धैर्य पाहिजे.

बार कौन्सिलच्या 2008 च्या नियमांनी मसुदालेखन, व्यवसायनीती, तडजोडीची पद्धती आणि अभिरूप न्यायालय हे विषय सक्तीचे केले, हे योग्यच झाले. सनदेनंतरची अखिल भारतीय परीक्षा सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये वैध ठरविली. परंतु पर्यायांपैकी एकावर खूण करून अर्ज लिहिता येतो की नाही, हे कळत नाही.

खरी विद्या ज्येष्ठ वकिलाच्या कचेरीत मिळते. आणि प्रश्नाचे आर्थिक मूळ तेथेच आहे. उमेदवारीची वर्षे पुष्कळदा बिनपगारी जातात. बार कौन्सिलने ऑक्टोबर 2024 मध्ये कनिष्ठ वकिलांना शहरात दरमहा 20,000 आणि ग्रामीण भागात 15,000 रुपये द्यावेत असे सुचविले. पण ती शिफारस आहे, सक्ती नव्हे. ज्याच्या घरी पोटाची सोय आहे तोच टिकतो; शेतमजुराचा मुलगा सनद पेटीत ठेवून नोकरी शोधतो. ज्यांना शिवार कळते त्यांनाच व्यवसाय बाहेर ढकलतो, आणि गरिबाला वकील मिळत नाही.

राज्यघटनेच्या 39-अ कलमाने मोफत विधी साहाय्याचे वचन 1976 मध्येच दिले. 1987 च्या कायद्याने तालुक्यापर्यंत समित्यांची तरतूद झाली. या समित्यांमार्फत नव्या वकिलांना सवेतन उमेदवारी द्यावी, आणि प्रत्येक विधी महाविद्यालयाने काही गावांतील दाव्यांची कामे विद्यार्थ्यांकडून करवून घ्यावीत, ही आपली मागणी असली पाहिजे. ती मान्य होईपर्यंत कार्यकर्त्यांनी हातावर हात ठेवून बसू नये. फेटाळलेल्या दाव्यांची गाववार यादी करावी, प्रत्येकापुढे निकालाची तारीख लिहावी, आणि साठावा दिवस उजाडण्यापूर्वी अर्ज दाखल होईल असे पाहावे.