मांसाचा उग्र वास आणि पाकशास्त्र

सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर आजही काळविटांचे कळप चरतांना दिसतात. एके काळीं हेंच माळरान शिकाऱ्यांचें आवडतें स्थान होतें. काळवीट, ससा, तित्तिर, लावा, फार काय माळढोकसुद्धां, या प्रांतांतील वाड्यांतून आणि छावण्यांतून शिजत असे. आणि शिजविणाऱ्यापुढें एक प्रश्न नेहमींच उभा राही : या मांसाचा उग्र वास घालवावा कसा?

शिकार आतां कायद्यानें बंद झाली. प्रश्न मात्र शिल्लक राहिला आहे. जून बोकडाचें मटण, चरबीदार मेंढी, गांवठी बदक यांच्या रूपानें तो शहरांतील स्वयंपाकघरांतही अधूनमधून येतोच. घरांतील वडील माणसें आवडीनें जेवतात, मुलें पहिल्याच घांसास नाक मुरडतात, आणि सकाळपासून राबलेल्या गृहिणीच्या पदरीं निराशा पडते. म्हणून या उग्रपणाचीं कारणें कोणतीं, त्यांवर उपाय कोणते, आणि कोणत्या वेळीं उपायाच्या भरीस न पडतां मांस टाकूनच द्यावें, या तीन गोष्टींचा विचार करणें उपयोगाचें होईल.

पहिलें कारण चरबी. शेळी-मेंढीच्या चरबींत कांहीं विशिष्ट स्निग्धाम्लें असतात. रसायनशास्त्रांत त्यांस मेथिल-ऑक्टॅनॉइक, एथिल-ऑक्टॅनॉइक अशीं नांवें आहेत. त्यांचें प्रमाण अत्यल्प असलें तरी माणसाच्या नाकास तें तत्काळ जाणवतें. खच्ची न केलेल्या, वयांत आलेल्या बोकडामध्यें, विशेषतः समागमाच्या ऋतूंत, हा वास फार वाढतो. दुसरें कारण आहार. जनावर जो पाला खातें त्याचा गंध त्याच्या चरबींत उतरतो. तिसरें कारण श्रम. रानांतील जनावर सतत हिंडतें-धांवतें. त्याच्या स्नायूंत प्राणवायु धरून ठेवणारें तांबडें द्रव्य अधिक असतें, आणि म्हणून त्याचें मांस गडद व चवीस तीव्र लागतें. त्यांतही पाठलाग करून दमविलेल्या जनावराच्या स्नायूंतील शर्करेचा सांठा आधींच संपलेला असतो. त्यामुळें मरणानंतर मांसांत जितकी आम्लता उत्पन्न व्हावयास पाहिजे तितकी होत नाहीं; तें काळपट व चिकट राहतें आणि लवकर नासतें. चौथें कारण माणसाची हयगय. रक्त पुरतें वाहूं न देणें, आंतडें फुटूं देणें, कातड्यावरचे केंस व कातड्यास लागलेली सुरी मांसास लागूं देणें, मांस उन्हांत पडूं देणें, या सर्वांचा परिणाम पातेल्यांत उतरतो. ज्यास लोक रानाचा वास म्हणतात त्यांतील बराचसा भाग या हयगयीचाच असतो.

हा विचार नवा नाहीं. सोलापूरच्या पूर्वेस कल्याणी, म्हणजे आजचें बसवकल्याण, ही उत्तरकालीन चालुक्यांची राजधानी होती. तेथील राजा तिसरा सोमेश्वर याचा ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ शके १०५१, म्हणजे इ. स. ११२९ च्या सुमारास सिद्ध झाला. राजाच्या अन्नभोगाचें वर्णन करतांना त्यांत मांसपाकाचेही पुष्कळ प्रकार सांगितले आहेत. रानडुकराच्या अंगावर उकळतें पाणी ओतून केंस खरवडून काढावे, माशांस तेल व मीठ चोळून त्यांचा वास घालवावा आणि मग हळदीच्या पाण्यानें ते धुवावे, असा त्या पाकक्रियांचा क्रम आहे. हिंग, मिरीं, आलें व आंबट रस यांचा उपयोग त्यानंतरचा. आधीं शुद्धि, मग मसाला, हें तत्त्व नऊशें वर्षांपूर्वींच्या राजाच्या स्वयंपाक्यास जितकें लागू होतें तितकेंच आजच्या गृहिणीसही लागू आहे.

शुद्धीचा आरंभ बाजारांत होतो. कोंवळ्या जनावराचें मांस फिकट तांबडें व बारीक धाग्याचें असतें. जून जनावराचें गडद व जाड धाग्याचें असतें. सोलापूर व धाराशिव या भागांत उस्मानाबादी शेळी मोठ्या प्रमाणावर पाळली जाते. तिच्या जातीचा कोंवळा किंवा खच्ची केलेला बोकड मिळाल्यास अर्धें काम तेथेंच होतें. घरीं आणल्यावर दिसेल तितकी जाड चरबी व तिच्यावरील पातळ पडदे सुरीनें काढून टाकावे. वास चरबींतच राहत असल्यामुळें या एका कृतीनें जें साधतें तें मसाल्याच्या डब्यानें साधत नाहीं. गुर्दे असल्यास ते उभे चिरून आंतील पांढरा भाग काढावा.

नंतर मिठाचें पाणी. एक लिटर थंड पाण्यांत दोन मोठे चमचे मीठ विरघळवून त्यांत मांस चार ते सहा तास ठेवावें. भांडें मात्र शीतकपाटांत असावें. पृष्ठभागाजवळचें रक्त पाण्यांत उतरतें आणि मीठ आंत शिरून मांस रसाळ राहतें. तें पाणी ओतून देऊन मांस कोरडें पुसावें, व पुढें पातेल्यांत मीठ हात राखून घालावें. वास अधिक असल्यास मिठाच्या पाण्याऐवजीं दहीं किंवा ताक घ्यावें. जर्मनींत हरिणाचें मांस ताकांत भिजवून ठेवण्याची जुनी रीत आहे. आपल्याकडील दही-हळदीची रीत तिचीच बहीण म्हणावी. लिंबाच्या रसांत किंवा शिरक्यांत मांस रात्रभर बुडवून ठेवणें मात्र इष्ट नाहीं. तीव्र आम्ल मांसांत खोल शिरत नाहीं, पण वरचा थर पिठूळ करून टाकतें. कच्च्या पपईचा कीस मांस मऊ करतो. वासावर त्याचा फारसा इलाज चालत नाहीं.

शिजविण्याची रीतही महत्त्वाची आहे. मांस थोड्या तेलावर हळद, आलें, लसूण व कांदा यांसह परतावें आणि पहिलीं दहा-पंधरा मिनिटें भांडें उघडें ठेवावें, म्हणजे उडून जाणारे गंध वाफेबरोबर निघून जातात. मग गरम पाणी घालून मंद आंचेवर शिजवावें व वर येणारा फेस काढीत जावें. आपल्याकडे ज्यास अळणी रस्सा म्हणतात तो आदल्या दिवशीं करून शीतकपाटांत ठेवल्यास सकाळीं सर्व चरबी वर थिजलेली सांपडते. ती चमच्यानें उचलून टाकावी. इतकें झाल्यावर काळ्या मसाल्याची पाळी. भाजलेलें सुकें खोबरें, धने, तीळ, दगडफूल, लवंग यांचा गंध उरलेल्या उग्रपणास आपल्यांत सामावून घेतो. शेवटीं थोडी चिंच किंवा लिंबू. मेंढीचें मांस नेहमीं कढत वाढावें, कारण तिची चरबी लवकर थिजून टाळूस चिकटते आणि वास पुन्हा जाणवूं लागतो. एवढें मात्र लक्षांत ठेवावें कीं, वास सौम्य करावयाचा आहे. मांसाची मूळ चव पुसून टाकावयाची नाहीं.

यापुढील गोष्ट चवीची नसून जिवाची आहे. उग्र वास निराळा आणि नासल्याचा वास निराळा. मांस बुळबुळीत झालें असेल, त्यावर हिरवट झांक आली असेल, आंबूस किंवा कुजकट दर्प येत असेल, तर तें धुऊं नये, भिजवूं नये, शिजवूं नये, टाकून द्यावें. कांहीं जंतूंचीं विषें उकळल्यानेंही नष्ट होत नाहींत, आणि तिखट मसाला तीं केवळ झांकतो. इंग्लंडांत फेझंटासारखे शिकारीचे पक्षी कित्येक दिवस टांगून ठेवण्याची चाल आहे. पण ती तेथील थंड हवेंतील व थंड कोठारांतील. सोलापुरांत वैशाखांत पारा ४० अंशांच्या वर जातो. अशा हवेंत कच्चें मांस तासाभरापेक्षां अधिक वेळ उघड्यावर ठेवणें म्हणजे आजारास आमंत्रण होय.

आतां रानच्या मांसाविषयीं. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं एका इंग्रज शिकाऱ्यानें अहमदनगर प्रांतांत ९६१ माळढोक मारल्याची नोंद आहे. आज साऱ्या देशांत हा पक्षी दीडशेंहूनही कमी उरला आहे. १९५१ सालीं मुंबई राज्यानें वन्य पशुपक्ष्यांच्या संरक्षणाचा कायदा केला, १९७२ सालीं मध्यवर्ती कायदा झाला, आणि १९७९ सालीं नान्नजचें माळढोक अभयारण्य जाहीर झालें. काळविटाची शिकार केल्यास तीन ते सात वर्षांपर्यंत कारावास होऊं शकतो. तरीही एखाद्या वाटेवरच्या खाणावळींत दबक्या आवाजांत ‘रानचा माल’ विचारला जातो. असें मांस कोठें मारलें, केव्हां मारलें, किती वेळ उन्हांत पडलें, हें सांगणारा कोणी नसतो. त्यांत गुन्हाही असतो आणि रोगाचें भयही असतें.

ज्यांस त्या चवीची हौस आहे त्यांच्यासाठीं रीतसर पाळलेली जपानी लावरी, पाळीव ससा व बदक आहेत. जुन्या शिकारखान्यांतील स्वयंपाक्यांनीं मिळविलेलें ज्ञान त्यांच्यावर आणि नेहमींच्या बोकडावर खुशाल वापरावें. चरबी काढावी, मिठाच्या पाण्यांत किंवा ताकांत ठेवावें, भांडें आरंभीं उघडें ठेवावें, आणि कढत वाढावें. एवढें केल्यास मुलेंही दुसऱ्यांदा वाढून घेतील, आणि नान्नजच्या माळावरील काळविटास कोणाच्या पातेल्याची भीति राहणार नाहीं.