ज्वारीच्या माहेरी उपासमार



आपल्या ताटातल्या भाकरीचं माहेर आफ्रिकेत आहे. सुमारे पाच हजार वर्षांपूर्वी माणूस ज्वारी पिकवू लागल्याचे पुरावे पूर्व सुदानात सापडले आहेत. सुदानी बाई आजही ज्वारीचं पीठ आंबवून तव्यावर पातळ 'किस्रा' पसरते, आपल्याकडच्या आंबोळीसारखी. त्याच सुदानात, दारफूरमधल्या झमझम छावणीत, ऑगस्ट २०२४मध्ये भूकबळींचा दुष्काळ पडल्याचं जगाला जाहीर करावं लागलं.

तो पावसानं आणला नव्हता. निळ्या आणि पांढऱ्या नाईलच्या मधे गेझिरा हा प्रदेश आहे. १९२५मध्ये सेन्नारचं धरण झालं आणि पुढे कालव्यांवर तिथे सुमारे नऊ लाख हेक्टरांची शेती उभी राहिली. १५ एप्रिल २०२३ला लष्कर आणि 'रॅपिड सपोर्ट फोर्सेस' हे निमलष्करी दल एकमेकांवर तुटून पडले. डिसेंबरात त्या दलानं गेझिराचं मुख्य शहर वाद मदनी घेतलं. शेतकरी परागंदा झाले, ट्रॅक्टर लुटले गेले, कालवे गाळानं भरले. तिथल्या बियाणे-पेढीत ज्वारी-बाजरीचे जुने वाण जपलेले होते; तिचे फ्रीझरसुद्धा पळवले. घरातलं धान्य संपलं तर उसनं मिळतं, पण बियाणंच गेलं तर पेरायचं काय?

दारफूरमधल्याच एल फाशर शहराला तर त्या दलाचा दीड वर्ष वेढा होता. धान्याचे ट्रक आत जाऊ दिले नाहीत. शेंगदाण्याचं तेल काढल्यावर उरणारी पेंड, जी आपण म्हशीपुढे टाकतो, ती तिथली माणसं भिजवून, शिजवून खात होती.

मग खंबीर राज्यकर्ता असला की भागतं का? नाही. ओमर अल बशीर यांनी सुदानवर तीस वर्षं राज्य केलं. तेवढ्या काळात जाब विचारणारी एकही संस्था धड उरली नाही. डिसेंबर २०१८मध्ये अतबारा शहरात एक पौंडाची पोळी तीन पौंडांना झाली, तेव्हा लोकांना रस्त्यावरच उतरावं लागलं. दडपणानं आलेली शांतता म्हणजे स्थैर्य नव्हे.

आपल्या महाराष्ट्रातला १९७२चा दुष्काळ इथल्या ज्येष्ठांनी भोगलाय. पिकं करपली, गुरं गेली, हाल अतोनात झाले. पण खडी फोडायचं काम निघालं, हाती मजुरी पडली, सुकडी वाटली गेली. मे १९७३च्या सुमारास दुष्काळी कामांवर जवळपास पन्नास लाख माणसं होती. विधिमंडळात प्रश्न विचारले जात होते, मोर्चे निघत होते, वर्तमानपत्रं लिहीत होती. सरकारला गप्प बसणं परवडणारं नव्हतं. त्यातूनच वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी योजना पुढे कायदा झाली.

पाऊस आपल्या हातात नाही. सरकारला जाब विचारणं आपल्या हातात आहे. रेशनचं धान्य वेळेवर आलं नाही, तर ग्रामसभेत उठून उभे राहा. ग्रामसभा हेच आपलं पहिलं धान्यकोठार आहे. ते रिकामं पडू देऊ नका.