ग्राफिक्स चिपची परीक्षा

संगणकाच्या खेळात पाण्याची लाट उसळते आणि तिच्यावर ऊन चमकते. ती चमक कोणा चित्रकाराने आधी रंगवून ठेवलेली नसते. शेडर नावाची लहानशी आज्ञावली पडद्यावरील प्रत्येक ठिपक्याचा रंग त्या त्या क्षणी ठरवीत असते. १९२० गुणिले १०८० अशा पडद्यावर २० लाखांहून अधिक ठिपके असतात, आणि सेकंदाला ६० चित्रे दाखवावयाची असतात. हा सारा भार ग्राफिक्स चिप वाहते.

अशी चिप घडविणाऱ्यास मोठी चिंता असते. सिलिकॉनवर उतरलेली चूक पाटीवरील अक्षराप्रमाणे पुसता येत नाही. १९९४ साली पेंटियम चिपच्या भागाकारात दोष निघाला, तेव्हा इंटेल कंपनीस ४७.५ कोटी डॉलरांचा भुर्दंड पडला. म्हणून चिप प्रत्यक्ष तयार होण्यापूर्वीच तिच्या आराखड्याची संगणकीय प्रतिकृती करून तिच्यावर नमुन्याचे शेडर चालवून पाहतात. पण नमुने कोणते घ्यावेत?

हा प्रश्न आम्हा शिक्षकांच्या परिचयाचा आहे. ठराविक प्रश्नच विचारले, तर विद्यार्थी उत्तरे पाठ करतो आणि विषय कच्चाच राहतो. थ्रीडीमार्क ०३ नावाच्या एका चाचणीवरून ग्राफिक्स चिपांना गुण दिले जात. २००३ साली तिच्या निर्मात्यांना, फ्यूचरमार्कला, असे आढळले की एनव्हिडियाचा ड्रायव्हर चाचणीतला पाण्याचा शेडर ओळखून त्याची वेगळी व्यवस्था लावीत होता, आणि त्यामुळे वेग वाढत होता. पुढे उभयतांनी त्यास लबाडी न म्हणता विशिष्ट सुधारणा म्हटले. नाव काहीही द्या. परीक्षा फसली, एवढे खरे.

ह्यावर उपाय एकच, तो म्हणजे विपुल आणि विविध संग्रह. मेसा ह्या मुक्त ग्राफिक्स प्रकल्पात अनेक खेळांतील शेडर जमविले आहेत. शेडरचे चिपच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या कंपायलरमध्ये बदल केला, की तो साऱ्या संग्रहावर चालवून आज्ञांची संख्या कोठे घटली, कोठे वाढली ते पाहतात. मात्र विकत मिळणाऱ्या खेळांतील शेडरांवर इतरांचा हक्क असल्याने ते खुल्या संग्रहात ठेवता येत नाहीत. लंडनच्या इंपीरियल कॉलेजात जन्मलेल्या ग्राफिक्सफझची युक्ती आणखी मार्मिक आहे. शेडरमध्ये चित्र बदलू नये अशीच भर घालावयाची. तरीही चित्र बदलले, तर दोष सापडला.

तेव्हा संग्रह करणाऱ्याने केवळ सुबक, सुप्रसिद्ध नमुने वेचू नयेत. वेडेवाकडे, लांबलचक, नवशिक्याने लिहिलेले शेडरही आवर्जून ठेवावेत. उद्या चिपपुढे येणार आहेत ते असलेच.