शास्त्रीय नियतकालिकांची पत

एखाद्या शास्त्रज्ञानें कांहीं नवें शोधून काढलें, म्हणजे तो तें शास्त्रीय नियतकालिकांत प्रसिद्ध करतो, आणि लेखाच्या शेवटीं आपण कोणाकोणाच्या कार्याचा आधार घेतला त्याची यादी देतो. हा ऋणनिर्देश होय. याच ऋणनिर्देशांची गणती करून आज नियतकालिकांची प्रतवारी लावतात. त्या गणतींत नियतकालिक आपलेंच नांव वारंवार घेऊं लागलें तर काय होतें, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

ही गणती कशी करतात तें आधीं पाहूं. अमेरिकेंतील यूजीन गारफील्ड यांनीं १९५५ सालीं तिची कल्पना मांडली. नियतकालिकानें मागील दोन वर्षांत जे लेख छापले, त्यांचा यंदा किती वेळां उल्लेख झाला तें मोजावयाचें, आणि त्या संख्येस लेखांच्या संख्येनें भागावयाचें. येणाऱ्या आंकड्यास इंपॅक्ट फॅक्टर म्हणतात. आपण त्यास प्रभावांक म्हणूं. मोजक्या पैशांत कोणतीं नियतकालिकें घ्यावीं, हें ठरवितांना ग्रंथपालांस त्याची मदत होत असे.

आतां असें समजा कीं, एका नियतकालिकानें दोन वर्षांत ५० लेख छापले, व बाहेरच्या विद्वानांनीं यंदा त्यांचा ५० वेळां उल्लेख केला. प्रभावांक १ झाला. यंदा त्याच नियतकालिकांत २५ नवे लेख यावयाचे आहेत. संपादकांनीं प्रत्येक लेखकास सुचविलें, "आमच्या गेल्या दोन वर्षांतील दोन लेखांचा उल्लेख करा, म्हणजे आपला लेख घेऊं." आणखी ५० उल्लेख जमले, आणि प्रभावांक २ झाला. वाचक एकही वाढला नाहीं, ज्ञानांत तिळभर भर पडली नाहीं, पत मात्र दुप्पट झाली!

ही केवळ कल्पना नव्हे. वाणी व आवाज यांच्या विकारांना वाहिलेल्या 'फोलिया फोनियाट्रिका एट लोगोपेडिका' या नियतकालिकाच्या संपादकांनीं २००७ सालीं, प्रभावांकाच्या अतिरेकी वापराचा निषेध म्हणून, एका संपादकीयांत आपल्याच २००५ व २००६ सालच्या सर्व लेखांचा उल्लेख केला. प्रभावांक ०.६६ वरून १.४४ वर गेला. पुढें कांहीं काळ त्याचें नांव प्रतवारीच्या वार्षिक यादींतून वगळण्यांत आलें.

तथापि प्रत्येक आत्मोल्लेख दोषास्पद मानणें अन्यायाचें होईल. पुण्याचें भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० सालीं स्थापन झालें. मराठ्यांच्या इतिहासाचीं कागदपत्रें त्याच्या त्रैमासिकांत प्रसिद्ध होत आलीं. त्याच त्रैमासिकांत लिहिणारानें त्या कागदांचा आधार घेतला, तर त्यानें दुसऱ्या कोणाचें नांव घ्यावें? विषयाचें क्षेत्र लहान असलें, म्हणजे आपल्याच घराकडे बोट दाखविणें भाग पडतें. लेख खरोखर त्या आधारावर उभा आहे, कीं आंकडा फुगविण्यासाठीं तो आधार चिकटविला आहे, हा खरा प्रश्न आहे. त्याचें उत्तर गणितास देतां येत नाहीं. लेख वाचणारासच तें देतां येतें.

आपल्याकडे तर गोष्ट याहून पुढें गेली. प्राध्यापकांस पदोन्नतीसाठीं छापील लेखांचे गुण मिळूं लागले, तेव्हां पैसे घेऊन लेख छापणारीं दुकानें निघालीं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मान्य यादींतही तीं शिरलीं. पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठाचे भूषण पटवर्धन व त्यांचे सहकारी यांनीं, विद्यापीठांच्या शिफारशीनें त्या यादींत आलेलीं १,००९ नियतकालिकें तपासून, २०१८ सालीं 'करंट सायन्स'मध्यें निष्कर्ष प्रसिद्ध केले. ३४.५ टक्क्यांची पत्ता, संपादकांचीं नांवें असली प्राथमिक माहितीच चुकीची होती किंवा मिळत नव्हती. आणखी ५२.३ टक्के अन्य दोषांमुळें अपात्र ठरलीं, आणि त्या दोषांत प्रभावांकाचे खोटे दावेही होते. म्हणजे येथें आत्मोल्लेखाचे श्रमही कोणी घेतले नव्हते. आंकडाच मनानें लिहिला होता! त्याच वर्षीं आयोगानें ४,३०५ नियतकालिकें यादींतून काढलीं. २०१९ मध्यें नवी यादी आली. २०२५ मध्यें तीही बंद झाली, आणि पारख करण्याचा भार पुन्हां विद्यापीठांवर व महाविद्यालयांवर आला.

याचा आमच्या संसाराशीं काय संबंध, असें कोणी विचारील. भिवंडीहून वाड्यास जाणाऱ्या रस्त्यावर अंबाडी हें गांव आहे. तेथील एखादी मुलगी शहराच्या महाविद्यालयांत विज्ञान शिकावयास जाते, असें धरा. तिला शिकविणारा अध्यापक कोणत्या कसोटीनें निवडला गेला, यावर तिच्या शिक्षणाचा कस अवलंबून आहे. फुगविलेल्या आंकड्यांवर निवड झाली, तर प्रयोगशाळेंत खपणारा आणि थोडेंच परंतु खरें लिहिणारा मनुष्य मागें पडतो. त्याची किंमत त्या मुलीस मोजावी लागते, आणि तिला याची वार्ताही नसते.

आंकडा अजिबात टाकून द्यावा, असें माझें म्हणणें नाहीं. आत्मोल्लेख धरून येणारा व ते वगळून येणारा, असे दोन्ही प्रभावांक शेजारीं शेजारीं ठेवावे, आणि दोहोंत फार अंतर दिसल्यास कारण विचारावें. लेखाची योग्यता तो कोठें छापला यावरून न ठरवितां, त्यांत काय आहे यावरून ठरवावी, असें २०१३ सालच्या सॅन फ्रान्सिस्को जाहीरनाम्यानेंही सांगितलें आहे. आपल्या परिचयाचे कोणी निवड समितीवर बसत असतील, तर त्यांना अवश्य विचारा, "ज्या लेखास आपण गुण दिले, तो आपण वाचला काय?"